न पाहिलेली आकृती

आठवीच्या विज्ञानाच्या वहीत मला एका आकृतीसाठी पाचपैकी पाच गुण मिळाले होते. शेजारी लाल शाईत ‘छान’ असा शेराही होता. आकृती होती कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशींची. तिच्याखाली ‘निरीक्षण’ असा मथळा देऊन मी लिहिलं होतं, ‘सूक्ष्मदर्शकातून पाहिले असता आयताकृती पेशी एकमेकींना चिकटून असलेल्या दिसल्या. प्रत्येक पेशीत एक केंद्रक दिसले.’ वाक्यं शुद्ध होती, अक्षर वळणदार होतं. खरं मात्र त्यातलं काहीच नव्हतं. मला काहीसुद्धा दिसलं नव्हतं.

आमचं गाव निफाड तालुक्यातलं. या भागात कांदा म्हणजे पीक, पैसा, कर्ज, भांडण आणि जेवण, सगळं एकच. उळं टाकण्यापासून चाळीत कांदा भरेपर्यंत गावाचं पंचांग कांद्यावर चालतं. माझी आई उन्हाळी कांद्याच्या काढणीला रोजानं जाते. पात कापायची, कांदा पाटीत टाकायचा आणि पुढे सरकायचं. काढणी संपली की ती व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला जाते. गोल्टी वेगळी, जोड वेगळा, खाद वेगळी. हातात कांदा आला की न बघता तो कुठल्या ढिगात जायचा हे तिला कळतं.

आणि शाळेत सूक्ष्मदर्शक यंत्र होतं एकच. ते ऑफिसातल्या काचेच्या कपाटात, ढाली आणि करंडक यांच्या शेजारी, प्लॅस्टिकची पिशवी पांघरून उभं असे. आठवीत ‘पेशी’ हा धडा आला तेव्हा सरांनी ते एक दिवस वर्गात आणलं. ‘कांदा कोण आणील?’ असं त्यांनी विचारलं तेव्हा सगळा वर्ग हसला. आमच्या गावात हा काय विचारायचा प्रश्न! मी धावत घरी गेले आणि चाळीतला चांगला गच्च कांदा निवडून आणला. सरांनी त्याचा पापुद्रा काढला, त्यावर आयोडीनचा थेंब टाकला, काच ठेवली आणि रांग लावायला सांगितली. मुलं साठाच्या वर, तास पस्तीस मिनिटांचा.

माझा नंबर आला तोवर पुढच्या कुणाचा तरी धक्का लागून यंत्र हललं असावं. मी डोळा लावला तर करड्या उजेडाशिवाय काही नव्हतं. मध्येच काळ्या काड्या हलत होत्या. त्या माझ्याच पापण्या होत्या हे मला खूप उशिरा समजलं. मागून ढकलाढकली चालू होती. सरांनी विचारलं, ‘दिसलं का?’ मी म्हटलं, ‘दिसलं, सर.’ पुढच्या मुलीनेही तेच सांगितलं. त्याच्या पुढच्यानेही. आज वाटतं, त्या दिवशी आमच्यापैकी कितीजणांना खरोखर दिसलं असेल?

घरी येऊन मी पुस्तकातली आकृती पाहून वहीत काढली. पुस्तकातल्या वनस्पतिपेशीत हिरव्या लंबगोल गोळ्या होत्या. मीही हिरवा खडू घेऊन त्या मन लावून रंगवल्या. त्याबद्दलच ‘छान’ मिळालं असेल.

दहावीला मला गुण बरे होते. पण विज्ञान शाखेचं कनिष्ठ महाविद्यालय लांब, शिकवणीचा खर्च वेगळा आणि आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणीच गेलेलं नव्हतं. ‘आर्टला जाते’ असं मी सांगितलं तेव्हा आई विळीवर कांदा चिरत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कशाचं, हे मी विचारलं नाही. मला कला शाखेचा पश्चात्ताप नाही, हे इथे सांगायला हवं. कविता आणि इतिहास या दोघांनी मला पुष्कळ दिलं आहे. पण मैदानापलीकडची विज्ञानाची इमारत दिसली की आठवीची ती वही आठवायची. त्या इमारतीत जे चालतं ते आपलं नाही, आपण फक्त ते उतरवून घ्यायचं, अशी काहीशी समजूत मनात घट्ट बसली होती.

या वर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, तिकडे प्रदर्शन भरलं होतं. माझी एक मैत्रीण वनस्पतिशास्त्राला आहे. तिने ओढूनच नेलं. टेबलांवर सूक्ष्मदर्शक ओळीनं मांडलेले. एक, दोन, तीन... मी बारापर्यंत मोजले. आणि एका टेबलावर, मखमली कापडावर, कांदा! त्याला तिथे पाहून ओळखीचं माणूस परगावी भेटावं तसं झालं.

तिथल्या मॅडमनी विचारलं, ‘कुठल्या वर्गातली?’ मी सांगितलं, ‘एस.वाय.बी.ए.’ आता ‘बघ आणि पुढे चल’ असं ऐकावं लागेल असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, ‘पापुद्रा काढता येतो का?’ मी म्हटलं, ‘कांद्याचा ना? येतो.’ कांदा चिरला, एक जाड पाकळी घेतली, मोडली आणि आतल्या बाजूचा पारदर्शक पापुद्रा नखानं अलगद ओढला. एकही सुरकुती पडली नाही. मॅडम म्हणाल्या, ‘आमच्या मुलांना हे जमायला दोन तास लागतात.’ माझ्या हाताचं कुणी कॉलेजात कौतुक करण्याची ती पहिलीच वेळ.

मी डोळा लावला. स्क्रू फिरवला. एक काळ्या कडेचं गोल गरगरीत काहीतरी दिसलं. ‘दिसली पेशी!’ मी म्हणाले. मॅडमनी पाहिलं आणि हसून म्हणाल्या, ‘तो हवेचा बुडबुडा आहे.’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या पुढे म्हणाल्या, ‘पहिल्यांदा सगळ्यांना बुडबुडाच दिसतो. जरा बाजूला सरक.’

स्लाइड थोडी सरकवली, आणि दिसलं.

विटांच्या भिंतीसारखी रचना, पण विटांपेक्षा लांबट, टोकाला निमुळत्या. एकीच्या खाचेत दुसरी चपखल बसलेली. एकेक पेशी सुमारे पाव मिलिमीटर लांब, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपका. रेषा दिसत होत्या त्या पेशीभित्तिका. माणसाच्या किंवा जनावराच्या पेशीला अशी भिंत नसते, नुसतं पातळ पटल असतं. वनस्पतीला पटलही असतं आणि त्याबाहेर सेल्युलोजची भिंतही. आणि आत, प्रत्येकीत, एक गोल ठिपका. पुस्तकात तो पेशीच्या मधोमध असल्यासारखा माझ्या लक्षात होता. इथे बहुतेक ठिकाणी तो कडेला, भिंतीला टेकून बसलेला होता.

‘आणि हिरव्या गोळ्या?’ मी विचारलं.

मॅडमनी उलट विचारलं, ‘कांदा जमिनीत वाढतो. तिथे ऊन असतं का?’

एवढी साधी गोष्ट! हिरव्या गोळ्या म्हणजे हरितलवकं. सूर्यप्रकाशातून अन्न करण्याचं काम त्यांचं. ती कांद्याच्या पातीत असतात, जमिनीतल्या गड्ड्याच्या पापुद्र्यात नसतात. म्हणजे माझी आकृती नुसती न पाहिलेली नव्हती, ती चुकीचीही होती. मी जन्मापासून कांद्यात वाढले, आत हिरवं नसतं हे रोज डोळ्यांनी पाहिलं, तरीही पुस्तकात होतं म्हणून हिरवं रंगवलं. डोळ्यांपेक्षा पुस्तकावर माझा विश्वास जास्त होता. आणि गुण देणाऱ्याचाही.

मॅडम म्हणाल्या, पुस्तकातली ती ‘वनस्पतिपेशी’ जशीच्या तशी कुठेच नसते. सगळे भाग एकत्र दाखवता यावेत म्हणून ती बनवलेली असते. खऱ्या झाडात प्रत्येक पेशी आपापल्या जागेप्रमाणे वेगळी. पानातली हरितलवकांनी भरलेली. बटाट्यातली पिठाच्या कणांनी भरलेली, पण तोच बटाटा उन्हात राहिला की त्याच पेशींत हरितलवकं तयार होतात आणि बटाटा हिरवा पडतो. टोमॅटो पिकताना उलट होतं, हिरव्या लवकांची लाल लवकं होतात. कापसाचा एक धागा म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी, अडीच-तीन सेंटिमीटर लांब वाढलेली. पिकून वाळल्यावर तिची फक्त भिंत उरते आणि ती आपण अंगावर घालतो. ज्या कागदावर हा लेख तुम्ही वाचत आहात, तोही मुख्यतः वनस्पतींच्या पेशीभित्तिकांचाच लगदा.

मग त्यांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती मी कधी विसरणार नाही. लाल कांद्याच्या पाकळीची बाहेरच्या बाजूची जांभळट साल त्यांनी रंग न लावता तशीच ठेवली. पेशी जांभळ्या पाण्यानं भरलेल्या दिसल्या. हा रंग रिक्तिकेत असतो. रिक्तिका म्हणजे पेशीतली पाण्याची पिशवी. नावात ‘रिक्त’ आहे, पण ती रिकामी मुळीच नसते. वाढ पूर्ण झालेल्या पेशीत कधी कधी शंभरातला नव्वद भाग तिचाच असतो. पाणी, साखर, क्षार, रंग सगळं तिच्यात. तिनेच जागा व्यापल्यामुळे बिचारं केंद्रक कडेला ढकललेलं असतं.

मॅडमनी काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचे थेंब सोडले आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावला. ‘आता बघत राहा.’ मी पाहत राहिले. हळूहळू जांभळा रंग कोपऱ्यांतून मागे सरू लागला. भिंत होती तिथेच राहिली. आतलं सगळं आकसून मध्ये गोळा झालं. घरातलं माणूस थंडीनं पाय पोटाशी घ्यावं तसं. मिठाच्या खाऱ्या पाण्यानं आतलं पाणी ओढून घेतलं होतं.

मी एकदम म्हणाले, ‘कैरीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं ते हेच?’

‘हेच,’ मॅडम म्हणाल्या.

लोणच्याच्या कैरीला मीठ लावून रात्रभर ठेवणारी आई, बाजारात कोथिंबिरीवर सारखं पाणी मारणारी आमच्या शेजारची मावशी, या बायका हा प्रयोग वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. मॅडमनी पुन्हा साधं पाणी सोडलं आणि जांभळा रंग पसरत पसरत भिंतीला जाऊन टेकला. सुकलेली जुडी पाण्यात ठेवल्यावर ताठ होते ती अशी. झाडाच्या कोवळ्या भागांना हाडं नसतात. आतलं पाणी भिंतीवर रेटा देतं, भिंत तो रेटा सोसते आणि त्या दोघांच्या ओढाताणीवर पात उभी राहते. हा दाब मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दाबापेक्षाही जास्त असू शकतो. नुसतं पाणी असतं तर फुटून गेलं असतं, नुसती भिंत असती तर पात लवंडली असती. आणि ही भिंत बंदिस्तही नसते. तिच्यात अतिसूक्ष्म छिद्रं असतात, त्यांतून पेशीद्रव्याचे धागे शेजारणीच्या घरात गेलेले असतात. प्लाझ्मोडेस्माटा असं त्यांचं अवघड नाव. साध्या सूक्ष्मदर्शकातून ते दिसत नाहीत, म्हणून मी ते पाहिले असं लिहीत नाही. या बाबतीत मी आता सावध झाले आहे.

त्यानंतरचा आठवडा मी ग्रंथालयात घालवला. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तेव्हा मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. त्यांना त्याने ‘सेल’ म्हटलं, म्हणजे छोटी खोली. एका इंचात असे हजाराहून अधिक कप्पे बसतात आणि एका घन इंचात सुमारे १२५ कोटी, असा हिशेबही त्याने केला. बूच म्हणजे झाडाची मेलेली साल. त्यामुळे हूकला दिसल्या त्या नुसत्या भिंती, राहणारे केव्हाच गेलेले. आपल्या कांद्याचं वरचं टरफलही तसंच, मेलेल्या पेशींचं. पण हूकचं मला विशेष वाटलं ते हे, की त्याने जे दिसलं ते काढलं आणि जिवंत झाडांच्या कप्प्यांत रस भरलेला दिसतो हेही नोंदवलं. पेशीतल्या त्या ठिपक्याचं महत्त्व ओळखून रॉबर्ट ब्राउनने त्याला नाव दिलं ते १८३१ साली, ऑर्किडच्या पेशी पाहताना. म्हणजे भिंतीपासून केंद्रकापर्यंत पोचायला माणसाला दीडशेहून अधिक वर्षं लागली. आठवीत मला त्यासाठी अर्धं मिनिट मिळालं होतं! मग सरांचा राग येईना. साठ मुलं आणि एक यंत्र यांच्यापुढे तेही काय करणार? पण ‘नाही दिसलं’ एवढं म्हणण्याची सोय त्या रांगेत कुणालाच नव्हती, याचं वाईट मात्र अजूनही वाटतं.

त्याच आठवड्यात मला आणखी एक गोष्ट वाचायला मिळाली. अख्खा कांदा डोळ्यांना झोंबत नाही, कापल्यावरच झोंबतो. का? तर कांद्याच्या पेशीत गंधकयुक्त द्रव्यं एका ठिकाणी असतात आणि त्यांच्यावर काम करणारं विकर रिक्तिकेत वेगळं ठेवलेलं असतं. दोघांमध्ये पटलाचा पडदा. पेशी धड आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. विळीनं पेशी फुटली की ती एकत्र येतात आणि काही क्षणांत एक बाष्प तयार होऊन डोळ्यांपर्यंत पोचतं. हे बाष्प बनवणारं आणखी एक वेगळं विकर कांद्यात असतं, हे जपानी शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवून दिलं. पेशीच्या दृष्टीनं ती स्वतःच्या रक्षणाची व्यवस्था. खायला आलेल्या किड्याला, प्राण्याला पळवून लावण्यासाठी. आणि हे सगळं मुकाट सोसणाऱ्यांत माझी आई.

शनिवारी घरी गेल्यावर मी तिला हे सांगितलं. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. मी कागदावर चौकोन काढून भिंत, पाण्याची पिशवी, पडदा सगळं समजावलं. पेशी फुटते म्हणून डोळ्यांत पाणी येतं, असं म्हटलं. तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, ‘म्हणूनच गं. बोथट इळ्यानं पात कापली की डोळे जास्त झोंबतात. धारेचा असला की तेवढं नाही.’

मी गप्प झाले. धारदार पातं पेशी नीट कापतं, बोथट पातं आजूबाजूच्या कितीतरी चिरडतं. जितक्या पेशी फुटतील तितकं झोंबणं जास्त. हे मी ग्रंथालयात वाचलं होतं. तिला ते केव्हापासून ठाऊक होतं, फक्त ‘पेशी’ हा शब्द ठाऊक नव्हता. निरीक्षण तिचं होतं, खरंखुरं, स्वतःच्या डोळ्यांचं. तिला त्याचे गुण कुणी दिले नाहीत. आणि मी न पाहता पाचपैकी पाच घेऊन बसले होते.

‘तुला दिसलं का गं ते, खरंच?’ तिने विचारलं.

‘आधी बुडबुडा दिसला,’ मी म्हटलं, ‘मग दिसलं.’

ती हसली. मॅडमनी सांगितलं होतं, ‘आईला घेऊन ये एकदा, दाखवू.’ तेही मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘आता कुठं? काढणी तोंडावर आली. एक रोज बुडवून येऊ का?’ मग भाकरीकडे बघत म्हणाली, ‘काढणी उरकली की बघू.’ आमच्या घरात ‘बघू’ या शब्दाचे अर्थ पुष्कळ होतात. पण या वेळी तिने जाताना विचारलं, ‘तिथं चप्पल काढावी लागते का?’ तेव्हा मला वाटलं, ती येईल.

आठवीची वही घरी शोधली. ती रद्दीत गेली होती. मग मी कोऱ्या कागदावर पुन्हा आकृती काढली. लांबट पेशी, जाड भिंती, कडेला टेकलेलं केंद्रक, मध्ये मोठी रिक्तिका. हिरवं काही नाही. आणि वरच्या कोपऱ्यात, दिसला होता म्हणून, एक हवेचा बुडबुडा. खाली ‘निरीक्षण’ असा मथळा दिला आणि तारीख घातली.

या आकृतीला अजून कुणी गुण दिलेले नाहीत. आईला ती खरी पेशी दाखवेन तेव्हा हा कागद बरोबर नेणार आहे. जुळते की नाही, ते तीच सांगेल.